बोंडूचं पोतं

कान टवकारून बसा हं. बसलात? मग ऐका.

शेवंताकाकूच्या परसात एक नवा पाहुणा आला. कुत्र्याचं पिल्लू! इवलंसं. गोल गोल. कापसाच्या बोंडासारखं पांढरं पांढरं. म्हणून त्याचं नाव बोंडू.

काकूनं पेरूच्या झाडाखाली पोतं अंथरलं. म्हणाली, "बोंडू, हे तुझं हं."

बोंडूनं पोतं हुंगलं. मऊ होतं. उबदार होतं. बोंडू खूश! त्यानं उडी मारली. टुण! तो भुंकला. भुं भुं! परसात एक चक्कर मारली. लुटूलुटू, लुटूलुटू.

परत येतो तर काय?

पोत्यावर कोंबडी! ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी. पंख पसरून, डोळे मिटून, ऐसपैस.

बोंडू म्हणाला,
"कोंबडीताई, कोंबडीताई, पोतं दे.
मग मी झोपेन गुडुप!"

कवडीनं एकच डोळा उघडला. "कुक्! आज सकाळी आलास, आणि लगेच तुझं पोतं? आमच्या टोपलीत गवत नाही. माझ्या पिल्लांना टोचतं. आधी गवत आण. मग देते पोतं."

आणि डोळा मिटला.

बोंडूचं तोंड एवढंसं झालं. पण निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू. गोठ्यात गेला. गोठ्यात होती गाय.

"गाईमावशी, गाईमावशी, गवत दे.
गवत कोंबडीला देईन,
कोंबडी पोतं देईल,
मग मी झोपेन गुडुप!"

गाईनं मान खाली घातली. अजून खाली. अजून खाली. "हंऽम्मा! कुत्रा होय? मला वाटलं, कापूसच उडत आला! गवत देते रे. पण माझा घसा कोरडा पडलाय. आधी पाणी आण."

बोंडू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू. दारात काकू शेंगा सोलत होती. कट्, कट्, कट्.

"काकू, काकू, पाणी दे.
पाणी गाईला देईन,
गाय गवत देईल,
गवत कोंबडीला देईन,
कोंबडी पोतं देईल,
मग मी झोपेन गुडुप!"

काकू हसली. "देते की राजा. पण बादली कुठाय? ती बघ. पालथी पडलीय, आणि वर कोंबडा उभा. मी नाही बाई जात. परवाच टोचला मला. टोच! तूच आण बादली."

एवढी मोठी काकू. आणि कोंबड्याला घाबरते!

बोंडूही घाबरला. पण निघाला. लुटू... लुटू... लुटू. बादलीवर कोंबडा. लाल लाल तुरा. ही लांब शेपटी.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा, बादली दे.
बादली काकूला देईन,
काकू पाणी देईल,
पाणी गाईला देईन,
गाय गवत देईल,
गवत कोंबडीला देईन,
कोंबडी पोतं देईल,
मग मी झोपेन गुडुप!"

"कुकूऽच कू!" कोंबडा ओरडला. "तूच तो भुं भुं करणारा? तुला भिऊन पिल्लं लपलीत. लाकडांच्या ढिगामागे. मी इथून पहारा देतोय. आधी पिल्लं बाहेर येऊ देत. मग उतरतो."

बोंडू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू. लाकडांच्या ढिगामागे डोकावला. पिवळी पिवळी पिल्लं. एकमेकांना चिकटून बसलेली.

"पिल्लांनो, पिल्लांनो, बाहेर या.
कोंबडा बादली देईल,
बादली काकूला देईन,
काकू पाणी देईल,
पाणी गाईला देईन,
गाय गवत देईल,
गवत कोंबडीला देईन,
कोंबडी पोतं देईल,
मग मी झोपेन गुडुप!"

"चिव चिव! नाही नाही! तू उड्या मारतोस! तू भुंकतोस! आधी तू खाली बस. एकदम गप्प!"

बोंडू खाली बसला. थप्प!

"चिव चिव! शेपूट हलतेय!"

खरंच की. बोंडू बसला होता. शेपूट बसलीच नव्हती. सळसळ, सळसळ! बोंडूनं शेपटीकडे डोळे वटारले. शेपूट ऐकेना. मग बोंडू काय करतो? शेपटीवरच बसला!

आता सगळं गप्प.

एक पिल्लू बाहेर आलं. तुरू तुरू. थांबलं. अजून पुढे आलं. तुरू तुरू. बोंडूच्या नाकापाशी आलं. आणि नाकाला टोचलं. टुच!

आई गं! बोंडूच्या तोंडात मोठ्ठं भुं आलं. बाहेर पडणार, एवढ्यात बोंडूनं ते गिळलं. गटक्!

पिल्लू म्हणालं, "चिव! नाक ओलं आहे! या रे या, चांगला आहे हा!"

सगळी पिल्लं बाहेर आली. तुरू तुरू, तुरू तुरू!

पिल्लं बाहेर आली,
कोंबडा बादलीवरून उतरला,
बादली बोंडूनं ओढत काकूला दिली, खडाड् खुडूड्,
काकूनं पाणी दिलं,
पाणी गाईला दिलं,
गाय प्याली घटाघटा,
गाईनं गवत दिलं,
बोंडूनं तोंडात धरून गवत कोंबडीला दिलं,
आणि कोंबडी...

कोंबडी उठली! तिनं पंख झटकले. गवत टोपलीत पसरलं. म्हणाली, "शहाणा आहेस हो! घे तुझं पोतं."

बोंडूनं पोत्यावर एक गोल चक्कर मारली. दुसरी मारली. मग अंग टाकलं. धप्प!

कवडी टोपलीत बसली. तिनं हाक मारली, "कुक् कुक्! या गं बाळांनो झोपायला! मऊ मऊ गवत आलंय!"

कुणी येईना.

"कुक् कुक्! ऐकू येत नाही का?"

कवडीनं टोपलीतून मान काढली. बघते तर काय? सगळी पिल्लं पोत्यावर! एक बोंडूच्या पोटाशी. एक पाठीवर. एक कानाखाली. ओळखा बरं, एक कुठे? दोन पायांच्या मध्ये!

"अगं बाई!" कवडी म्हणाली. "एवढं गवत आणवलं, आणि झोपता इथे?"

"चिव! इथे ऊब आहे!"

कवडीनं टोपलीकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. टोपलीतून उतरली. टुणकन! पोत्यापाशी आली.

"ए बोंडू," ती म्हणाली, "सरक बरं जरा."

बोंडू सरकला. अजून जरा सरकला. डोकं पोत्यावर. पोट अर्धं पोत्यावर. पाय मातीत. शेपूट मातीत.

पण बोंडूला काय त्याचं! बोंडू झोपला होता.

गुडुप!