शिंगवाल्याने साठवलेले श्वास

फार जुनी गोष्ट. डोंगरातून येणाऱ्या एका नदीच्या काठी गाव होतं आणि त्या गावात एक शिंगवाला राहत होता. उन्हाळ्यात नदी आटली की गावची माणसं पात्रातल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावत. पण वर डोंगरात वळीव कोसळला, तर खाली लख्ख ऊन असतानाच लोंढा यायचा. म्हणून शिंगवाल्याने दरडीवर बसून नदीवर नजर ठेवायची आणि पाणी दिसलं की शिंग फुंकायचं, असा गावाचा रिवाज. त्याच्या शिंगाचा आवाज पैलतीरी जायचा. त्याचं हसणं त्याहून लांब.

एकदा देवळात एक जोगी उतरला. पारावर बसून तो सांगत होता, "माणूस येतो तो श्वास मोजून घेऊनच येतो. कुत्रं धापा टाकतं, लवकर जातं. कासव सावकाश श्वास घेतं, पिढ्या बघतं." शिंगवाल्याने एवढंच ऐकलं आणि उठला. पुढचं ऐकायला थांबेल तो शिंगवाला कसला?

त्या दिवसापासून त्याने श्वासाचा कंजूषपणा मांडला. छाती भरून घ्यायची आणि कोंडून बसायचं. हसणं बंद, गाणं बंद, सकाळचा शिंगाचा सरावसुद्धा बंद.

बायको म्हणाली, "अहो, विस्तव विझतोय. जरा फुंकर घाला."

त्याने नुसती मान हलवली.

"गाल बघा कसे फुगलेत. बेडकाशी संसार करायला नव्हतं दिलं मला माझ्या बापाने."

एरवी यावर तो पोट धरून हसला असता. आता ओठ मिटून बसला. तोंडावरची कळा गेली, जीव घाबरा होऊ लागला. तरी त्याला आपलं वाटे, आयुष्य साठतंय.

एके दिवशी दुपारी तो असाच गाल फुगवून दरडीवर बसला होता. खाली वाळूत बायका टरबुजं तोडत होत्या, त्यांत त्याची बायकोही होती. पोरं वेलांमधून पळत होती. इतक्यात वरच्या वळणावर पांढरा फेस दिसला. पाणी.

शिंगवाल्याने शिंग ओठाला लावलं. घाबरून त्याने आणखी श्वास ओढला. पण छाती आधीच गच्च भरलेली, तिथे नवा वारा शिरणार कुठे? आणि कोंडायची सवय जडलेली, आतला वारा सुटेना. शिंगातून फुस्स एवढंच निघालं. पुन्हा ओढला, पुन्हा फुस्स. खाली बायको वाकून वेल सोडवत होती, तिला काही पत्ताच नाही.

तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघता बघता त्याच्या छातीतला सगळा कोंडलेला श्वास एकदम सुटला. पार बेंबीपर्यंत रिकामा झाला तो. आणि मग न बोलावता, न ओढता, नवा श्वास आपसूक आत आला, लोहाराच्या भात्यात वारा शिरावा तसा. आता त्याने फुंकलं.

शिंग असं वाजलं की दोन्ही काठ दणाणले. बायकांनी पाट्या टाकल्या, पोरं काखेत मारली आणि दरड गाठली. लोंढा वाड्या घेऊन गेला. माणूस एकही गेलं नाही.

बायको धापा टाकत वर आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हो, आज पुष्कळ श्वास उधळलेत."

"मग काय, बेडूक फुटला," तो म्हणाला, आणि हसत सुटला. तीही हसली.

जोगी अजून देवळातच मुक्कामाला होता. दुसऱ्या दिवशी तो त्याच्यापुढे जाऊन बसला. जोगी म्हणाला, "अरे, मी पुढचं सांगणार तोवर तू उठलास. कासव श्वास कोंडत नाही. सावकाश घेतं आणि घेतला तेवढा सोडतं. आधी सोडायला शिक, बाबा."

मग रोज सकाळी शिंगवाला दरडीवर मांडी घालून डोळे मिटायचा. श्वास हळू सोडायचा, येईल तसा येऊ द्यायचा. मग शिंग फुंकायचा, घरी जाऊन चूलही फुंकायचा. खूप जगला म्हणतात. किती, ते त्यानेही मोजलं नाही.

तात्पर्य काय, तर श्वास कोंडून आयुष्य वाढत नाही. मोकळ्या मनाने सोडावा, तेव्हाच नवा आत येतो. आणि शहाण्याचं बोलणं अर्धं ऐकून उठू नये.