काहिलीच्या काठावरचा हात

भाविकजनहो, प्रवरेच्या पैलतीरी खडकवाडी नावाचे गाव. गावाबाहेरच्या माळावर, नदीला लागून, करुणादास महाराजांची झोपडी होती. अंगावर जाडेभरडे कांबळे, हाती एकतारी आणि मुखी अखंड ख्रिस्तनाम! महाराज गाऊ लागले की वाटसरू वाट विसरत.

ऐलतीरी ठकूबाई राहायची. नवरा गेल्यावर त्याची काहील तिने हाती घेतली. गूळ उकळायची ती रुंद लोखंडी काहील. पावसाळ्यात तीत माणसे बसवून ठकूबाई वल्ह्याने नदी पार करून द्यायची. एकदा महाराजांना उतरवताना तिने त्यांचे भजन ऐकले, आणि प्रभूने तिच्या मनात घर केले. तेव्हापासून तीन वर्षे एकच ध्यास. बाप्तिस्मा घ्यावा, नवे व्हावे.

पण त्याआधी बाप्तिस्मा घेणाऱ्यांना शिकवणाऱ्या यिर्मया मास्तरांची परीक्षा. मास्तर मोठे पाठांतरी. प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितली की ठकूबाई "बापा" म्हणे आणि तिचे डोळे वाहू लागत. पुढे शब्दच फुटत नसे.

"एका शब्दाची प्रार्थना!" मास्तर भर मंडळीत हसत. "एवढं तर पाळण्यातलं पोरही बोलतं. देवाशी बोलायला अक्कल लागते, ठकू!"

ती रडत महाराजांकडे गेली. "महाराज, मला पुढचं येत नाही."

महाराज म्हणाले, "बाई, हाक मारलीस ना? मग पुढचे त्याच्यावर सोड."

भाद्रपदातल्या एका रविवारी पाद्रीसाहेब खडकवाडीच्या ख्रिस्ती देवळात बाप्तिस्मा द्यायला यायचे होते. मास्तर सकाळीच काहिलीत येऊन बसले.

"तुझं नाव यादीत नाही हं."

"ठाऊक आहे जी," ठकूबाई म्हणाली. "मी दाराबाहेरून बघेन." आणि तिने वल्हे मारले.

निम्मी नदी पार झाली न झाली तोच धुके उतरले. आधी काठावरच्या बाभळी गेल्या, मग पाणी गेले, मग समोर बसलेल्या मास्तरांचा चेहराही पुसट झाला. वरून लोंढा आला होता. एका हिसड्यासरशी वल्हे हातातून सुटले आणि काहील गरगरू लागली. खालच्या बंधाऱ्याचा घोष जवळ येत चालला.

"ठकू, काठ कुठं आहे?"

"दिसत नाही, मास्तर."

मास्तरांनी हात जोडले. शेकडो वचने तोंडपाठ. पण त्या घटकेला एकही आठवेना. ठकूबाईला त्यांची दया आली. तिने त्यांचा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि कळवळून हाक मारली, "बापा!"

काय सांगावे! बंधाऱ्याचा घोष दूर दूर गेला, दूर कुठे दार लोटून घ्यावे तसा. धुके दुधासारखे निवांत झाले. त्या शुभ्रतेतून, पाण्यावरून, कुणीतरी चालत येत होते. पावलांना घाई नव्हती. काहिलीच्या काठावर एक हात टेकला.

"भिऊ नकोस, लेकी."

गरगर थांबली. काहील संथ चालू लागली. जत्रेहून परतताना कुणाच्या तरी खांद्यावर पेंगणारी आपण लहानगी पोर आहोत, असे ठकूबाईला वाटले. तिने त्या हातावर आपला हात ठेवला.

तळाशी वाळू लागली. समोर महाराजांची झोपडी, दारात महाराज!

मास्तर धावले, पायांवर कोसळले. "महाराज, आपण पाण्यावरून आलात! आम्हाला तारलंत!"

"भलतेच काय बोलता, मास्तर?" महाराज म्हणाले. "पहाटेपासून मी इथून हललो नाही. हे पाहा, पाय कोरडे आहेत." मग ते वळले. "बाई, तू काय पाहिलेस?"

"तोंड नीट दिसलं नाही जी. पण हातावर हात ठेवला, तर मधोमध मोठा वण लागला. खिळा गेल्यासारखा."

महाराजांच्या हातातली एकतारी गळून पडली. डोळ्यांतून धारा लागल्या. "धन्य गे माये! मी जन्मभर गायलो. तो हात तुला लाभला!"

मास्तरांनी ठकूबाईला हाताला धरून देवळात नेले आणि पाद्रीसाहेबांना सगळे सांगितले. तिच्या श्रद्धेची साक्ष द्यायला ते स्वतः उभे राहिले. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावरून ओघळले, तेव्हा ठकूबाई लहान मुलीसारखी हसली.

आणि साऱ्या मंडळीसमोर यिर्मया मास्तरांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. "बाई, मी सगळं पाठ केलं, पण त्याला हाक मारायची राहूनच गेली."

ठकूबाई संकोचाने मागे सरली. "अहो मास्तर, उठा! लोक बघताहेत."

"बघू देत," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोके उचलले नाही.