‘वैराग्य.महाराज’

एकदा एका मठात संगणक आला. मठाचे वृद्ध आचार्य त्याला हात लावीत नसत. त्यांची आयुष्यभराची प्रवचने त्यात उतरवण्याचे काम एका शिष्याकडे होते. शिष्य विद्वान होता आणि बऱ्याच विद्वानांप्रमाणे त्याला स्वस्थ बसवत नसे.

एका सकाळी तो संगणकाच्या सेटिंगांत शिरला. तिथे एका बारीक चौकटीपुढे लिहिले होते, ‘ओळखीच्या फाइलींचे विस्तारनाम लपवा.’ सत्याच्या साधकापासून लपवायचे म्हणजे काय, या विचाराने त्याने चौकटीतली खूण काढली. तत्क्षणी प्रत्येक फाइलीच्या नावामागे एक टिंब आणि तीन-चार इंग्रजी अक्षरे उगवली. लेखी प्रवचनांना एक शेपूट, ध्वनिमुद्रितांना दुसरे. गुरूंच्या ‘वैराग्या’ला शेपूट असावे, हे काही शिष्याला सहन झाले नाही. त्याने सगळी शेपटे छाटून तिथे आदराने ‘महाराज’ लिहिले. फाइल निकामी होईल, खात्री आहे ना, असे संगणक दर वेळी विचारी. शिष्याला सगळ्याच बाबतीत खात्री असे.

मग एकही फाइल उघडेना. ‘वैराग्य.महाराज’ उघडायला जावे, तर हे कशाने उघडू, असे संगणकच उलट विचारू लागला. संध्याकाळी एक व्यापारी प्रवचने छापण्यासाठी न्यायला येणार होता आणि मूळ कागद वाळवीने केव्हाच खाल्ले होते. गुरूंचे आयुष्यच आपण पुसून टाकले, असे शिष्याला वाटले. रडवेला होऊन तो आचार्यांपुढे उभा राहिला.

आचार्यांनी सगळे ऐकून घेतले आणि त्याच्या हाती एक नारळ ठेवला. “गावात जा आणि हा महाराजांना देऊन ये.”

कोणत्या महाराजांना, हे विचारेपर्यंत आचार्यांनी डोळे मिटले होते. गाव क्षेत्राचे. देवळातले पुजारी महाराज, पारावरचे कीर्तनकारही महाराज. दोघेही नारळ आपलाच म्हणू लागले. त्यांचा वाद रंगात आला असताना खाणावळीच्या आचाऱ्याने, त्यालाही सारे गाव महाराजच म्हणे, नारळ अलगद उचलला, फोडला आणि खोवलाही. शिष्य वाटीभर चटणी घेऊन परतला.

आचार्यांनी ती चाखली. “मीठ जरा जास्त आहे,” ते म्हणाले. “नारळ गावातल्या दुसऱ्या मठाच्या महाराजांसाठी होता. ‘महाराज’ या शब्दात मान आहे, पत्ता नाही. अरे, तू छाटलेस ते शेपूट नव्हते, आडनाव होते. कुणाच्या दारी न्यायचे, हे संगणकाला त्यावरून कळते. प्रवचने आत जशीच्या तशी असतील. ज्याचे आडनाव त्याला परत दे.”

कोणते प्रवचन कोणत्या घरचे, हे शिष्याला पाठ होते. व्यापारी दारात आला तेव्हा ‘वैराग्य’ उघडलेले होते आणि शिष्याचा जीव भांड्यात पडला होता. व्यापारी गेल्यावर त्याने भीतभीतच विचारले, “एवढे महत्त्वाचे आडनाव, मग ते लपवायचे कशाला?”

“तुला हाक मारताना मी आडनाव लावतो का?”

शिष्याने ती चौकट पुन्हा उघडली. सकाळी त्याने नुसते ‘लपवा’ एवढेच वाचले होते. ‘ओळखीच्या’ हा शब्द त्याला आत्ता दिसला.