गोलवाऱ्याचे कुंपण

या कथेच्या इतर पाठांत थंडी कुंपण फोडून पळते. प्रस्तुत पाठात तिला वाट करून दिली जाते, आणि हा भेद महत्त्वाचा आहे.

फार पूर्वी थंडी उत्तर टोकाला राहत असे आणि गोलवारा तिच्याभोवती अखंड धावत असे. त्याची धाव हेच तिचे कुंपण होते. दूर दक्षिणेत, केळीच्या बागेत, एक ऊबदार झुळूक राहत असे. ती उत्तर पाहायला निघाली तेव्हा केळीच्या बुंध्याशी नुकतीच पिले फुटली होती.

"लवकर ये गं," केळ म्हणाली, "पिलांना तुझ्या उबेची सवय आहे."

उत्तरेला पोहोचताच झुळूक हसली. "दादा, घाण्याच्या बैलासारखे किती फिराल? घडीभर बसा की!"

"थांबलो तर ही निसटेल, बाई."

"झोपली आहे ती!" असे म्हणत झुळूक त्याच्या अंगावर रेलली. त्याची चाल मंदावली, वर्तुळ एका बाजूला वाकले आणि त्या वाकणातून थंडी मुकाट्याने दक्षिणेकडे उतरली.

"बाई, तुमचं घर कुठल्या दिशेला?" गोलवाऱ्याने घाबरून विचारले.

झुळूक धावत परतली. पिले काळवंडून आडवी पडली होती. झुळूक त्या पिलांभोवती गोल फिरत राहिली.