टिकलीचं दार

जुन्या घराच्या फरशीत, भिंतीपाशी, होती एक फट. फटीत राहायची काळी मुंगी. नाव तिचं टिकली.

टिकली गेली खाऊ आणायला. तुरुतुरु, तुरुतुरु. परत येते तो काय? फट नाही! दार नाही! जुन्या फरशीवर नवी फरशी. लाकडासारखी दिसणारी, पण प्लॅस्टिकची पट्टी. आणि आत टिकलीचं बाळ!

"ए पट्टे, ऊठ! हे माझं दार आहे!"

पट्टी म्हणाली, "मी कशी उठू? चाचा उचलतील तर उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली सलीमचाचांकडे. चाचा पट्ट्या बसवत होते. ठक ठक, ठक ठक.

"कोणाला विचारून माझं दार झाकलंत?
पट्टी म्हणते, चाचा उचलतील तर उठेन.
चाचा, उचला! माझं बाळ आत आहे!"

"अरे बापरे! भिंतीपाशी फट ठेवायची असते. विसरलोच की, बेटा! पण पट्टीवर खाट आहे. खाट हलेल तर उचलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली खाटेकडे.

"पट्टी म्हणते, चाचा उचलतील तर उठेन.
चाचा म्हणतात, खाट हलेल तर उचलेन.
खाटे, हल! माझं बाळ आत आहे!"

खाट करकरली. कर्र कर्र! "माझ्यावर आजोबा बसलेत. आजोबा उठतील तर हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली चढली आजोबांच्या गुडघ्यावर.

"पट्टी म्हणते, चाचा उचलतील तर उठेन.
चाचा म्हणतात, खाट हलेल तर उचलेन.
खाट म्हणते, आजोबा उठतील तर हलेन.
आजोबा, उठा! माझं बाळ आत आहे!"

आजोबा फुगून बसले होते. "सकाळपासून नुसती ठक ठक! चहाचा पत्ता नाही! गोड चहा येईल तर उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली आजीकडे.

"पट्टी म्हणते, चाचा उचलतील तर उठेन.
चाचा म्हणतात, खाट हलेल तर उचलेन.
खाट म्हणते, आजोबा उठतील तर हलेन.
आजोबा म्हणतात, गोड चहा येईल तर उठेन.
आजी, चहा द्या! माझं बाळ आत आहे!"

आजी म्हणाली, "चहा तयार आहे गं. पण साखर कुठाय? डबा फरशीसाठी हलवलेल्या सामानाच्या ढिगाखाली. माझा हात जात नाही."

"हात जात नाही? मी जाते!"

"हो, तू जाशीलच! न बोलावता जातेस, मग आज तर बोलावणं आहे!"

टिकली शिरली ढिगात. गादीखालून, घमेल्यामागून, झाकणाच्या फटीतून. सुळ्ळकन आत! आणला साखरेचा एक दाणा. टाकला चहात. टुप्प!

"एकच दाणा?" आजोबा म्हणाले.

"डॉक्टर तेवढीच घ्या म्हणालेत!" आजी म्हणाली.

आजोबा चहा प्यायले. फुर्र फुर्र! "वा! गोड आहे हो!"

आजोबा उठले. हुश्श!
खाट हलली. कर्र कर्र!
चाचांनी उचललं. खट्ट!
पट्टी उठली. आणि फट दिसली!

"आई!" बाळ आलं धावत. टिकलीनं त्याला घट्ट धरलं.

चाचांनी पट्टीचा कोपरा गोल कापला. पट्टी पुन्हा बसवली. आता नव्या फरशीला छोटंसं दार!

टिकली दारात उभी राहिली. मान ताठ, मिशा ताठ.

"ऐका सगळे! माझ्या दारावर कोणी खाट ठेवायची नाही!"

"नाही ठेवणार, टिकलीबाई!" म्हणाले सगळे.