घळीत ढकललेला साकव

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी सोमाबाबा नावाचा एक वृद्ध राहत असे. त्याच्यापाशी रवळू नावाचा शिष्य होता, आणि रवळूला नदीपलीकडे दिलेली आवडी नावाची बहीण होती. आवडीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सासरा तिला डोलीतून घेऊन निघाला.

नदी खोल घळीतून वाहायची. तिच्यावर लाकडी साकव होता. रोहिणी सरत आल्या की, पावसाच्या तोंडावर, गावानंच तो उतरवायचा आणि दिवाळीनंतर पुन्हा घालायचा, अशी रीत. त्या दिवशी डोक्यावर लख्ख ऊन होतं. पलीकडच्या काठाला डोली दिसली, आणि त्याच घटकेला सोमाबाबानं साकवाचा शेवटचा वासा घळीत ढकलून दिला.

"बाबा! आवडी आलीय, दिसत नाही?"

"दिसते की." मग हात तोंडाशी धरून तो ओरडला, "व्याही, वरनं जा! धनगरवाड्यावरून नदीला वळसा घाला!"

"अहो, पोर अवघडलेली आहे!"

"भिजाल, पण पोचाल. निघा!"

रवळूच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमची लेक असती तर?"

"तर कालच ढकलला असता."

तिथं परमुलखातला एक व्यापारी हमालांसह येऊन ठेपला होता. तो हसला. "आमच्याकडे पाऊस यायचा तर चार दिवस आधी वर्दी देतो. इथं ढगाचा ठिपका नाही नि म्हातारा पूल मोडतोय!" त्यानं पोफळीच्या खोडांचे दोन सोट आणवून घळीवर आडवे टाकवले. सोट उचलायला रवळूनंही खांदा दिला. देणारच, बहीण होती पलीकडे. "आवडे, थांब गं!" त्यानं हाक मारली. माघारी वळलेली डोली थांबली.

व्यापारी पुढे झाला. पायाखाली बघत मधोमध आला, तोच वरून शंभर जाती एकदम फिरावीत तशी घरघर आली. पिवळं पाणी उभी झाडं घेऊन उतरलं. सोट गेले, व्यापारी गेला. हाकसुद्धा ऐकू आली नाही. पलीकडे भोयांनी डोली कशीबशी मागे ओढली.

हमाल छाती पिटत होते.

सोमाबाबा हळू आवाजात म्हणाला, "सकाळपासून घाटमाथा दिसत नाहीये. पाऊस तिथं पडतो नि उन्हातल्या गावात नदीच्या वाटेनं येतो. साकव उभा असला की वाटसरू साकवाकडे बघतो, नदीकडे बघत नाही. मोडलेला दिसला की निदान विचारतो तरी, का मोडला म्हणून. त्या बापड्यानं विचारलं नाही. नवखाच तो. पण रवळू, तूही माझ्यावर नुसता रागावलास. विचारलं नाहीस."

रवळूला सारखी डोली थांबवणारी आपली हाक ऐकू येत होती.

परक्या मुलखात पाऊल टाकणाऱ्यानं तिथलं आभाळ तिथल्या माणसाला विचारावं. आणि तिथं जन्मलेल्यानंही ते गृहीत धरू नये.

व्यापाऱ्याचं प्रेत खाडीच्या तोंडाशी सापडलं. रवळूनं त्याला खांदा दिला. त्यानंतर किती दिवस आवडीची काही खबर नव्हती. रवळूची आई चुलीपुढे बसायची, पण तिचं ताट तसंच राहायचं.

मग एका भर पावसाच्या दुपारी दारात डोली टेकली. आवडी धनगरवाड्यावर, गळक्या खोपटात, बाळंत झाली होती. धनगरणीनं घोंगडीत गुंडाळलेली लेक तिनं आईच्या हाती दिली. आईनं दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्या घरात तेव्हापासून पाळणा हलता राहिला.