पेटीवरचं नाव

"कुणी म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला नाही आजी, तुम्ही तरी ठेवाल का?"

मृण्मयीने हे विचारलं आणि हातातली खेळाची पेटी ओट्यावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

मथीआजी नाचणीची भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

पाड्यावर लग्न असलं की देवीला हाक मारायची ती मथीआजीनेच. तिचा पहिला सूर निघेपर्यंत मांडवात कुणी खाकरतसुद्धा नाही. आणि ही मृण्मयी नाशिकची, खेळ बनवणारी. एकेकाने एकेक सोंग घ्यायचं, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची, अडलं की फासा टाकायचा, असला तिचा खेळ. त्या खेळात डोंगरातला एक पाडा होता. पाड्याची देवीही होती.

देवीचं नाव इथे लिहायचं नाही. ज्यांची आहे त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

"इथल्याच पोरांनी तोंडावर सांगितलं मला, ताई, तुम्ही आमच्या देवीचा खुळखुळा केलात. खुळखुळा! किती लग्नसरायांत तुमच्या मागे मागे फिरले मी. देवीचं तोंड रंगवलं नाही. तुमचं एक गाणं छापलं नाही. सगळं मानाने केलंय."

"मंग मला काय इचारतीस?"

"पेटीवर तुमचं नाव हवंय. 'मथीआजींच्या आशीर्वादाने', एवढंच. मग बघते कोण तोंड उघडतंय. उद्या पेटी छापायला जायचीय."

घ्या! देवीला मान दिला तो दिला, वर त्याची पोच पण पाहिजे.

आजी हसली. दात फारसे उरले नव्हते, हसू मात्र भक्कम होतं.

"नाव देते की. आधी खेळू."

मृण्मयी हरखली. तिने खेळातला पाडा ओट्यावर मांडला. पुठ्ठ्याची इवली इवली घरं, मधे वाट, वर डोंगर. आजीला सोंग दिलं तेही आजीचंच, हाक मारणारीचं.

"पाड्यात दाणा संपलाय, आजी. लेकरं भुकेली आहेत. तुम्ही देवीला हाक मारताय. टाका फासा. एक पडला तर हाक चुकली."

फासा गडगडत गेला, भाकरीच्या पिठात जाऊन थांबला.

एक.

"मेली गं मेली!" चुलीपाशी बसलेली सून जानकी टाळी पिटून हसली. "आमच्या सासूची हाक जल्मात चुकली नव्हती, ती पुठ्ठ्यात चुकली!"

आजी हसली नाही.

"आता?"

"आता देवी रागावली. पाडा उपाशी राहणार. पुढच्या डावात आपण..."

"चूक कोनाची?"

"कुणाचीच नाही. फासाच वाईट पडला."

"फाशाला पोट हाय?"

आजीने तव्यावरची भाकरी उतरवली. टोपलीत ठेवली, वर फडकं टाकलं. आपली ताटली उपडी घातली. मग हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली.

जानकीचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि स्वतःचीही ताटली उपडी घातली.

"आजी, जेवा ना. भर दुपार झालीय."

"पाडा उपाशी हाय."

"अहो, तो खेळातला पाडा! त्या घरांत कुणीसुद्धा नाही!"

"तू म्हनालीस, मान खरा हाय."

"खराच आहे."

"मंग भूक कशी खोटी?"

मृण्मयीने खाली बघितलं. तीच घरं. तिनेच कापलेली, तिनेच डिंकाने चिकटवलेली. पण आता त्यांच्यावर पेटीचं झाकण ठेवायला तिचा हात होईना. दारादाराआड कुणीतरी बसलंय आणि वाट बघतंय, असं तिला वाटलं. किती दिवस ती या घरांशी खेळत होती, आणि एकदासुद्धा आत डोकावली नव्हती.

"नियम मी केलाय, आजी. चूक माझी. तिला माझं नाव सांगा."

"तुझं नाव तिला ठावं नाय अजून, पोरी."

आजी गुडघ्यावर हात देऊन उठली. आतल्या भिंतीशी देवीवर पांढरं कापड सोडलेलं होतं, तिकडे तोंड करून उभी राहिली.

प्रत्येक लग्नात मृण्मयीने हे पाहिलं होतं. गाण्याआधी आजी असल्याच कापडाकडे तोंड करायची आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची. काय म्हणता, असं मृण्मयीने विचारून विचारून तिला वीट आणला होता. आजीचं उत्तर ठरलेलं, "त्ये माझं न् तिचं."

आज तेच म्हणताना आजीने आवाज खाली घेतला नाही.

मृण्मयीने नकळत हात जोडले.

"आई गो, हाक म्या मारली. लेकरांवर राग धरू नको. चुकली ती... लाखम्याची लेक मथी."